बावन्न मिलिमीटरची नळी

गेल्सेनकिर्शेन, ९ फेब्रुवारी १९८५

प्रिय गेरोल्ड,

नाताळ सोडून माझं पत्र आलं म्हणून घाबरू नकोस. कोणी गेलेलं नाही. उलट घरात सहा जण आलेत.

मागच्या उन्हाळ्यात सरहद्द ओलांडून पूर्वेकडे तुझ्याकडे आलो, आणि तू मला तळघरातल्या एकतीस टाक्या दाखवल्यास, तिथेच सगळं बिघडलं. हेड्डा म्हणते, ‘तुमच्या मावसभावानं तुम्हाला रोग लावून पाठवलंय.’ क्रेनवरून उतरलो की थेट टाकीसमोर. तर परवा इथल्या माशांच्या दुकानात ब्राझीलहून माल आला. छोट्या रंगीत माशांच्या पेटीत सहा काळे मासे चुकून आले होते. दुकानदारानं ते बादलीत बाजूला टाकले होते, नाव त्यालाही माहीत नाही. खवल्यांच्या जागी हाडाच्या पट्ट्या, तोंड पोटाखाली, काचेला तोंडानं चिकटतात. म्हणजे तुझ्या मिशाळ माशांचेच चिलखती भाऊबंद. पण यांना मिश्या नाहीत, आणि अंगभर सायीच्या रंगाच्या वेड्यावाकड्या रेघा. लांबी साधारण करंगळीएवढी. फोटो जोडलाय.

हे कोण? दोन्ही जर्मनीत मिळून हे ओळखेल असा मला एकच माणूस माहीत आहे. आमच्या मासे पाळणाऱ्यांच्या मंडळातले म्हणतात, याची पिल्लं अजून कोणी टाकीत काढलेली नाहीत. हसू नकोस, पण मला ती काढायची आहेत.

तुझा फोल्कमार

ता. क. वहिनींसाठी कॉफीचं पार्सल वेगळं पाठवतोय.


क्रिमिचाउ, २७ फेब्रुवारी १९८५

प्रिय फोल्कमार,

तुझं पत्र मिळालं. कॉफीही मिळाली. इर्मट्राउट तुला आभाराचं पत्र लिहील, तो तिचा प्रश्न. माझं म्हणणं असं की यापुढे काही पाठवू नकोस. आम्ही कोणाच्या दारात वाटी घेऊन उभे नाही.

आता माशांकडे वळू. ‘साधारण करंगळीएवढी’ हे माप नव्हे. कोणाची करंगळी? तुझी की हेड्डाची? मी सूतगिरणीत सव्वीस वर्षं फिटर आहे. तिथे मला कोणी ‘साधारण’ म्हणालं तर मी त्याला पुन्हा मोजायला पाठवतो. मासा काचेला चिकटला की बाहेरून पट्टी लाव आणि मिलिमीटरमध्ये मोज. मग भिंग घेऊन दात बघ. ब्रशसारखे बारीक आणि पुष्कळ असतील तर तो शेवाळ खरवडणारा. थोडेच, जाड आणि चमच्यासारखे असतील तर लाकूड कुरतडणारा, आणि मग टाकीत लाकूड हवंच, नाहीतर बाकी कितीही खाऊ घातलंस तरी तो खंगून जाईल. गालावर काटे आहेत का, असले तर किती लांब, तेही कळव. पाण्याचा जडपणा आकड्यात सांग.

फोटो पाहिला. धूसर आहे, पण पाहिला. असा मासा आमच्याकडे यावा म्हणून मी अकरा वर्षं मंडळाच्या मागणीपत्रकात ओळ भरतोय. तुला बादलीत मिळाला.

गेरोल्ड


गेल्सेनकिर्शेन, १७ मार्च १९८५

प्रिय मास्तर,

मोजले! सर्वांत मोठा ७१ मिलिमीटर, सर्वांत लहान ६४. हेड्डाची शिवणाची टेप भिजली, त्यावरून दोन दिवस घरात बोलणं बंद होतं. दात अगदी तू म्हणालास तसे, चमचेच. म्हणून ओकचं बुडलेलं मूळ आणून टाकलं. सकाळी बघतो तर तळाला भुश्याचा थर! सुताराचं दुकान उघडलंय मी. गालावर काटे सगळ्यांना आहेत, पण दोघांचे चांगलेच लांब. पाण्याचा जडपणा नळाला चौदा अंश, पावसाचं पाणी मिसळून सहावर आणलाय.

आता नळ्यांचं सांग. तूच म्हणाला होतास की नर बिळात शिरून अंडी राखतो, आणि बीळ हातमोज्यासारखं बसायला हवं. तुझ्यासारख्या मातीच्या नळ्या इथे कोणी करत नाही. करून पाठवशील?

आणि नाव? कळलं ना तुला?

फोल्कमार


क्रिमिचाउ, ११ एप्रिल १९८५

प्रिय फोल्कमार,

नाव कळलं आहे. पण फोटोवरून नाव जाहीर करणं हे उथळ माणसाचं काम. योग्य वेळी सांगेन.

नळ्या पाठवत आहे, सहा. गिरणीतल्या लेथवर लाकडी दांडा कातून घेतला, त्यावर आमच्या कुंभाराकडून माती लिंपून घेतली. भट्टीत माती अकरा टक्के आटते, त्याचा हिशेब दांड्यातच धरलेला आहे. एक तोंड बंद, लांबी १९०, आतला व्यास ५२ मिलिमीटर. सहाही नळ्या मी कॅलिपरनं तपासल्या आहेत. नळीचं तोंड प्रवाहाकडे तिरकं ठेव. याहून अरुंद नळी टाकीत ठेवायची नाही. हे मी एकदाच लिहितो.

आमच्याकडचं पावसाचं पाणी म्हणजे कोळशाची काजळी. मला पाणी मऊ करायला दलदलीतलं पीट आणि चार पिंपं लागतात. तुझं बरं आहे.

गेरोल्ड


गेल्सेनकिर्शेन, २ जून १९८५

प्रिय गेरोल्ड,

पार्सल पोचलं, एकही नळी फुटली नाही. वाटेत कोणीतरी उघडून पुन्हा बांधलं होतं. काय समजले असतील बिचारे! तोफेचे तुकडे?

रागावणार नसशील तर एक विचारतो. नळ्या मोठ्या नाहीत ना झाल्या? तुझ्या घरच्या मिशाळांच्या नळ्या मला आठवतात. ते मासे यांच्या दीडपट होते, आणि नळ्या याहून अरुंद होत्या. आमचा कुनिबर्ट नळी हातात घेऊन म्हणाला, ‘काय हो, बदकं पाळताय?’ सगळं मंडळ हसलं. मासे आत जातात, गाडी वळवावी तसे वळतात आणि बाहेर येतात. राहत कोणी नाही.

पण तू म्हणतोस तर असेल. दर महिन्याला फोटो पाठवतोच आहे. नाव अजून नाही सांगितलंस, लबाडा.

फोल्कमार


क्रिमिचाउ, ३० जून १९८५

प्रिय फोल्कमार,

श्री. कुनिबर्ट यांनी आयुष्यात किती जातींची पिल्लं काढली ते त्यांना विचार आणि मला आकडा कळव. माझा आकडा सत्तेचाळीस आहे. शाळा मी चौदाव्या वर्षी सोडली. पुस्तकं उसनी आणून हातानं उतरवून घेतली, आकृत्यांसकट. मला हे कोणी बादलीत घालून दिलेलं नाही.

एकतर मंडळाचं ऐक, नाहीतर माझं. नळ्या त्याच राहतील. धीर धर. वर्ष लागेल, दोन लागतील, कदाचित जमणारही नाही. सगळ्यांना सगळं जमत नसतं.

आणि दर महिन्याला रंगीत फोटो पाठवायची गरज नाही. ते सुंदर आहेत हे मला कळलं.

गेरोल्ड


गेल्सेनकिर्शेन, १२ ऑक्टोबर १९८६

गेरोल्ड! मास्तर! जादूगार!

सव्वा वर्ष नुसत्या नाताळच्या कार्डावर भागवलं, कारण सांगण्यासारखं काही नव्हतं. आता बस आणि वाच. एक्केचाळीस पिल्लं!

पहिल्यापासून सांगतो. माझे ते ‘करंगळीएवढे’ मासे वाढतच गेले. दहा सेंटीमीटर, तेरा, आता मोठा नर साडेसोळा. पोरं होती रे ती तेव्हा! आम्हाला कोणालाच कळलं नाही. गेल्या हिवाळ्यात मी तुझा शब्द मोडला, माफ कर. कुनिबर्टनं जेमतेम दोन बोटं मावतील एवढ्या भोकाची नळी दिली, ‘ही ठेवून बघा’ म्हणून. मोठा नर त्यात घुसला, काटे ताठ केले आणि अडकला. पुढेही येईना, मागेही जाईना. हातोडीनं नळी फोडून काढला, एक पर फाटला. त्या दिवसापासून फक्त तुझ्या बावन्नच्या नळ्या. आणि या उन्हाळ्यात तोच नर तुझ्या नळीत असा बसला, जसं काही तू त्याचं माप घेऊन शिवली होतीस! अठ्ठावीस जूनला मी विजेरी लावून पाहिलं तर त्याच्या पोटाखाली अंड्यांचा पिवळा घड.

मी सगळं मासिकाला लिहून पाठवलं. कात्रण सोबत आहे. दुसऱ्या परिच्छेदात तू आहेस. ‘माझे मावसभाऊ गेरोल्ड सेफार्ट यांनी सात सेंटीमीटरच्या पिल्लाचा नुसता धूसर फोटो पाहून मोठेपणीचं माप ओळखलं.’ इथे लोक त्याला ‘सेफार्टची नळी’ म्हणायला लागलेत. कुनिबर्टनं सगळ्यांसमोर माझी माफी मागितली, म्हणजे खरं तर तुझी.

आता संपादक विचारतात, हे ओळखलं कसं? तुझी पद्धत एका पानात लिहून पाठव, तुझ्या नावानं छापतील. सगळ्यांना हवी आहे.

तुझा अभिमान वाटणारा
फोल्कमार


क्रिमिचाउ, ३ नोव्हेंबर १९८६

प्रिय फोल्कमार,

अभिनंदन. एक्केचाळीस हा आकडा तू दोनदा मोजून घेतला असशील असं धरतो.

कात्रण आमच्या मंडळात मोठ्यानं वाचलं गेलं. अध्यक्ष उठून उभे राहिले, मग बाकीचे उठले. टाळ्या झाल्या. इर्मट्राउटनं कात्रण चौकटीत बसवून टाक्यांच्या वर लावलं आहे. खाली ये-जा करताना ते दिसतं.

पद्धत विचारतोस. अनुभव. त्यावर पानभर लिहिण्यासारखं काही नाही.

गेरोल्ड


गेल्सेनकिर्शेन, ८ डिसेंबर १९८६

प्रिय गेरोल्ड,

तुझा विनय आता पुरे. संपादक पान मोकळं ठेवून बसलेत.

शिवाय एक अडचण झालीय. कीलहून इंगवर्सेन म्हणून एका शिक्षकांचं पत्र आलंय. त्यांच्याकडे बुटक्या जातीचे रेघाळ मासे आहेत, पूर्ण वाढलेले, नऊ सेंटीमीटरचे. त्यांनी माझा लेख वाचला, सेफार्ट म्हणतात तर बावन्नच, म्हणून जुन्या नळ्या काढून तशा बनवून घेतल्या. दोनदा अंडी झाली. दोन्ही वेळा मादी नराला ढकलून बाहेर निघाली, अंडी नळीतून घरंगळली आणि बाकीच्यांनी खाल्ली. आधीच्या नळीत हे कधी झालं नव्हतं. ते फार नम्रपणे विचारतात, ‘माझं काय चुकलं, हे श्री. सेफार्ट यांना विचाराल का?’ आणखी चौघांनी कुंभाराकडे नळ्या टाकल्यात.

मी काय उत्तर देऊ? मला स्वतःला नियम कळलेला नाही. तू सांग.

फोल्कमार


क्रिमिचाउ, ४ जानेवारी १९८७

प्रिय फोल्कमार,

श्री. इंगवर्सेन यांचं काहीही चुकलेलं नाही, हे त्यांना आजच कळव. नऊ सेंटीमीटरच्या माशाला तीस मिलिमीटरची नळी. बत्तीस चालेल. बावन्नच्या नळीत नेमकं तेच होतं जे त्यांच्याकडे झालं. मला ते माहीत होतं. म्हणूनच मी तुला बावन्नची पाठवली.

पुन्हा वाच, म्हणजे ‘काहीतरी चुकून’ असं म्हणायला जागा राहणार नाही. तुझी अंडी घरंगळावीत म्हणून मी दांडा मोठा कातला. मातीचं आटणं धरून, बरोबर मोजून. अंदाधुंद मोठी नळी पाठवली असती तर तुला संशय आला असता. नर राहायला येईल पण राखू शकणार नाही असं माप मी कागदावर मांडून काढलं. तू फोटो पाठवायचास आणि प्रत्येक फोटोत ते मासे जास्त देखणे असायचे, आणि मागे तुझी लोळणारी पाण्याची नळी, अर्धवट पुसलेली काच. एवढा गबाळा माणूस, आणि ते त्याच्याकडे. सहा होते तुझ्याजवळ. ‘दोन तू घे’ एवढं वाक्य मी प्रत्येक पत्रात शोधलं. ते कधी आलं नाही.

हे लिहायला मला वाटलं होतं त्याहून सोपं गेलं. हेवा करणारी माणसं पुष्कळ असतात.

दुसरी गोष्ट अवघड आहे. मी मासा चुकीचा ओळखला. फोटोत गालावरचे काटे लांब दिसले, तूही तसंच कळवलंस. आमच्या पुस्तकांत लांब काटे म्हणजे वयात आलेला नर. म्हणजे हा सात सेंटीमीटरला पूर्ण वाढलेला, आणखी फार तर दोन वाढेल, म्हणजे बुटका रेघाळ, असं मी ठरवलं. नवख्या माणसानं काट्यांकडे पाहिलंच नसतं, त्यानं सरळ विचारलं असतं, हा लहान आहे का? तुझ्या जातीत पोरांनाही लांब काटे येतात हे मला माहीत नव्हतं. तुझ्या टाकीत आजही कोण पोहतंय, त्याचं नाव मला माहीत नाही. कधीच माहीत नव्हतं.

मी बुटक्याची वाट लावायला निघालो आणि चुकून मोठ्याचं बरोबर माप पाठवलं. तीसची पाठवली असती तर तुझे दोन्ही नर अडकून मेले असते.

हे सगळं छाप. चुकीचा आकडा माझ्या नावावर फिरतोय, आणि त्यावर लोक माती भाजतायत. हे मला सहन होत नाही. बाकीचं झालं असतं.

गेरोल्ड


गेल्सेनकिर्शेन, १० मे १९८७

गेरोल्ड,

चार महिन्यांत मी तुला तीन उत्तरं लिहिली आणि तिन्ही फाडली. तिसऱ्यातल्या शिव्या हेड्डालाही नव्या होत्या, आणि तिचा बाप बंदरात हमाल होता.

इंगवर्सेनना त्याच दिवशी कळवलं. त्यांनी तीसच्या नळ्या परत लावल्या आणि मार्चमध्ये अठरा पिल्लं निघाली. ते तुझे आभार मानतात. मी कशाबद्दल ते विचारलं नाही.

दुरुस्ती छापून आली, कात्रण सोबत. दुसरी गोष्ट तेवढी छापायला दिली. फोटो, काटे, चुकीची ओळख, खरे आकडे. पहिली दिली नाही. संपादकांना ती माहीत नाही आणि माझ्याकडून कळणार नाही. तिचा कीलच्या माणसाला काय उपयोग? ती आपल्या घरातली गोष्ट आहे, आणि घरातच मी तिचा समाचार घेणार आहे.

दोन मासे तू शोधत होतास ना? पहिल्याच आठवड्यात मी दोन वेगळ्या टाकीत काढून ठेवले होते, थर्मास घेऊन ठेवला होता, उन्हाळ्यात घेऊन येणार होतो. मग तुझं ते वाटीचं पत्र आलं. कॉफीनं ज्याचा अपमान होतो त्याला मासे द्यायची हिंमत माझी झाली नाही. मी ते दोन पुन्हा चौघांत सोडले. अडकून पर फाटलेला नर त्यातलाच एक.

आणि गबाळा म्हणालास! काच मी दर रविवारी पुसतो.

ऑगस्टचा परवाना मिळालाय, सोळा ते बावीस. मी येतोय. मासे आणणार नाही. आधी समोर बसून भांडायचंय.

फोल्कमार


क्रिमिचाउ, २४ मे १९८७

प्रिय फोल्कमार,

दुरुस्ती वाचली. पाचव्या ओळीत तीसच्या जागी चौतीस छापलं आहे. पुढच्या अंकात सुधारायला सांग.

मंडळात ती मीच वाचून दाखवली. टाळ्या झाल्या नाहीत. अध्यक्षांनी चष्मा पुसला आणि पुढचा विषय घेतला. घरी येऊन मी चौकट उतरवायला लागलो तर इर्मट्राउट म्हणाली, ‘राहू दे, शेजारी दुसरं लाव.’ आता दोन्ही कात्रणं शेजारी शेजारी आहेत.

कबूल केलं की हेवा जातो असं मला वाटलं होतं. माझा गेलेला नाही. इंगवर्सेन यांच्या अठरांचं वाचलं आणि लगेच वाटलं, अठराच. तुझ्या एक्केचाळीसांचा तर मी रोज एकदा विचार करतो. हे तुला आधीच सांगून ठेवतो, म्हणजे ऑगस्टमध्ये माझं तोंड पाहून तुला नवल वाटणार नाही. मासे आणत नाहीस ते बरं करतोस. आणले असतेस तर मी घेतले असते, आणि मग तुझं तोंड बघवलं नसतं.

भांडायला ये. सोळाला मी रजा टाकली आहे.

एक राहिलं. तुझ्या लेखात नर घडाला वारा घालतो एवढंच लिहिलं आहे, कशानं घालतो ते नाही. माझे मिशाळ बाजूच्या परांनी घालतात आणि मधूनच शेपटीचा एक फटका मारतात. तुझा एवढा मोठा, त्या नळीत त्याला शेपूट हलवायला जागा उरते का? की नुसत्या परांनी? आणि तोंड आत करून बसतो की बाहेर? सात महिने हे विचारायचं मी टाळत होतो.

मला माहीत नाही. तू पाहिलं आहेस. सांग.

गेरोल्ड